हातगुण

आमच्या सांगोल्याकडं नवा डॉक्टर आला की तो किती शिकलाय हे कुणी विचारत नाही. विचारतात, "हातगुण कसा हाय?" हातगुण नुसता डॉक्टरलाच असतो असं नाही. पेरणीला चाड्यावर मूठ कुणाची, अडलेल्या म्हशीला हात कुणाचा लावायचा, लोणच्याला मीठ कोण लावणार, हे सगळं आम्ही हात बघून ठरवतो. माझ्या वडलांचा चाड्यावरचा हात चांगला होता. शेजारपाजारचे लोक त्यांना मुद्दाम पेरणीला बोलवायचे. ज्वारी एकसारखी उगवायची. पण ज्या साली पाऊसच झाला नाही त्या साली, म्हणजे बहात्तरला, वडलांनी पेरलेलंही उगवलं नाही. त्याचं खापर मात्र कुणी त्यांच्या हातावर फोडलं नाही. गुण हाताचा आणि दोष पावसाचा. हा हिशोब लंगडा आहे हे मला साठी ओलांडल्यावर कळलं, आणि तेही एका डॉक्टरीणबाईंमुळं. पण त्यांच्या आधी थोरल्या डॉक्टरांचं सांगायला पाहिजे.

आमच्या पंचक्रोशीत तेव्हा ते एकच डॉक्टर. त्यांचं नाव लिहीत नाही. ते अजून आहेत, आणि मी हे त्यांना न विचारता लिहितोय. फटफटीवर यायचे. फटफटीचा आवाज आला की अर्धं दुखणं तिथंच पळायचं. माझ्या थोरल्या बहिणीच्या बाळंतपणात रात्री दोन वाजता, ओढ्याला पाणी आलेलं असताना, फटफटी अलीकडं लावून, बॅग डोक्यावर धरून कमरेएवढ्या पाण्यातनं आले होते. पैशासाठी कुणाला अडवलं नाही. कुणी पायलीभर ज्वारी द्यायचं, कुणी कोंबडी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना वाईट म्हणालं तर मला ते चालणार नाही.

थोरले डॉक्टर सुई द्यायचे. ताप असो, खोकला असो, हगवण असो, कंबर असो, सुई. वर कागदाच्या पुडीत तीन रंगांच्या गोळ्या. फार अशक्तपणा वाटला तर सलाईनची बाटली, आणि तिच्यात एक औषध टोचलं की पाणी पिवळं व्हायचं. पिवळी बाटली लावलेला माणूस घरी येऊन आठ दिवस सांगत बसायचा. पुढं मला कळलं की अर्ध्या लिटरच्या ग्लुकोजच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे पाचेक चमचे. भाकरीचं एवढं पोषणसुद्धा त्यात नाही. पण भाकरीला कोण सलाईनचा मान देणार? आम्हीही मागायचो सुईच. सुई न देता परत पाठवलं तर म्हातारी माणसं रुसायची. "नुस्तं तपासलं," म्हणायची.

सुईवरचा हा विश्वास अडाणीपणाचा होता असं शिकलेली माणसं म्हणतात. मला ते पटत नाही. तो विश्वास कमावलेला होता. माझ्या धाकट्या चुलत्याला टीबी झाला तेव्हा मी सात-आठ वर्षांचा होतो. त्याच्या आधी आमच्या भावकीत दोघं त्याच रोगानं गेलेले. क्षय म्हटलं की घरात रडारड सुरू व्हायची. चुलत्याला मिरजेजवळ वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये ठेवलं. तिथं रोज सुई, स्ट्रेप्टोमायसिनची. महिन्यांमागनं महिने. ढुंगणाची चाळण झाली, असं तो सांगायचा. त्याबरोबर गोळ्याही होत्या, आणि आता कळतं की एकट्या सुईनं तो वाचला नसता, गोळ्यांचा वाटाही तेवढाच होता. पण गावानं काय ऐकलं? सुया ऐकल्या. अंगावरचं मांस गेलेला माणूस भरल्या गालानं एसटीतनं उतरला, हे गावानं डोळ्यांनी बघितलं. तो पुढं ऐंशीच्या घरात जाऊन गेला. असं एकदा बघितल्यावर सुईवर विश्वास बसला तर गावाचं काय चुकलं?

चुकलं ते एवढंच, की एका रोगावर कमावलेला विश्वास आम्ही सगळ्या रोगांवर उधळला.

आता आईचं. तिचे गुडघे धरायचे. जन्मभर रानात वाकलेली बाई, धरणारच. थोरल्या डॉक्टरांनी आठवड्याला एक सुई आणि पुडीत एक बारकी पांढरी गोळी सुरू केली. आठ दिवसांत आई उठून पाणी भरायला लागली. गावभर सांगत सुटली, "लेका, देवमाणूस हाय. हाताला गुण हाय." सुई वर्षभरानं बंद झाली, पण गोळी सुटेना. चार दिवस गोळी नसली की सगळं अंग दुखायचं, जमिनीवरनं उठता यायचं नाही. तशी सात-आठ वर्षं गेली. तोंड गोल झालं. बायका म्हणायच्या, म्हातारपणी तब्येत सुधारली. हाताची कातडी मात्र कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती, नुसतं धरलं तरी काळंनिळं व्हायचं. मग एक दिवस गोठ्यात पाय घसरला. फार मोठं पडणं नव्हतं, बसल्यासारखीच पडली, आणि खुब्याचं हाड मोडलं.

सोलापूरच्या दवाखान्यात तिथल्या डॉक्टरनं तिच्या तोंडाकडं बघितलं, हातावरचे डाग बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या कसल्या चालू आहेत?" मी खिशातली पुडी काढून दिली. त्यांनी ती गोळी चिमटीत धरून उजेडात बघितली. ती स्टेरॉइडची गोळी होती. तिनं सूज मारली, दुखणं मारलं, आणि आतनं हाडं भुसभुशीत केली, रक्तात साखर वाढवली. तीही तिथंच सापडली. मी म्हणालो, आजपासनं बंद करतो. ते म्हणाले, "एकदम बंद केलीत तर जीव जाईल. एवढ्या वर्षांत शरीर आपलं स्वतःचं बनवायचंच विसरलंय. हळूहळू कमी करावी लागंल." आई त्यानंतर नऊ महिने होती, सगळे अंथरुणातच.

शेवटच्या पंधरवड्यात तिनं एकच मागणं लावलं, "थोरल्या डॉक्टरास्नी बोलवा." मी गेलो नाही. माझा राग होता. धाकटा भाऊ जाऊन घेऊन आला. ते आले, खाटेजवळ पाट ओढून बसले, तिचा हात हातात घेतला. आई हसली. नऊ महिन्यांत मी तिला तशी हसताना बघितली नव्हती. तासभर बसले, जुन्या गोष्टी काढल्या. त्या दिवशी त्यांनी सुई दिली नाही, बॅगही उघडली नाही.

हे झालं आईचं. मध्ये बरीच वर्षं गेली. मी ज्वारी मोडून डाळिंब लावलं, भगवा. पहिली चार वर्षं पैसा झाला. मग तेल्या आला. ज्यांनी डाळिंब केलंय त्यांना सांगायला नको. फळावर तेलकट डाग पडतात, मग फळ चिरतं, आणि डोळ्यांदेखत आख्खा बहार जातो. हा बॅक्टेरियाचा रोग. दुकानदार म्हणाला, स्ट्रेप्टो मारा. सहा ग्रॅमची पुडी. सगळे मारत होते, मीही मारली. दहा दिवसाला, आठ दिवसाला, पाऊस पडला की लगेच. एकदा रिकामी पुडी वाचली तर त्यात नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि दहा टक्के टेट्रासायक्लिन. म्हणजे चुलत्याच्या ढुंगणात गेलेलं औषध मी डाळिंबावर उडवत होतो. तेव्हा मला ते गमतीचं वाटलं होतं. चार लोकांना सांगितलंही, की आमची बाग टीबीची सुई घेते म्हणून.

त्याच सुमारास गावात नव्या डॉक्टरीणबाई आल्या. तिशीच्या, एमबीबीएस झालेल्या, बोलायला गोड पण हाताला कंजूष. सुई देईनात. बीपी मोजायच्या आधी पाच मिनिटं गप बसवायच्या. आमच्या माणसाला पाच मिनिटं गप बसवणं हेच मोठं काम. एकदा मोजून गोळी द्यायच्या नाहीत, परत दुसऱ्या दिवशी बोलवायच्या, परत मोजायच्या. हगवणीच्या पोराला बाटली लावायच्या नाहीत. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, आणि जिंकच्या गोळ्या चौदा दिवस. हगवण बंद झाली तरी गोळ्या पुऱ्या करायच्या. लोक म्हणायचे, मीठ-साखर घरात हाय की, मग पन्नास रुपये कशाचे?

माझा नातू दोन वर्षांचा होता. ताप, नाक गळतंय, खोकला. सुनेबरोबर मी त्याला बाईंकडं नेलं. त्यांनी त्याचा सदरा वर केला, समोर घड्याळ धरलं आणि पोटाकडं बघत बसल्या. पूर्ण एक मिनिट. दवाखान्यात आवाज नाही. मला वाटलं, काही भारी सापडलं. तर म्हणाल्या, "बत्तीस. श्वास चांगला आहे, छाती आत ओढत नाही, पाणी पितोय, खेळतोय. न्यूमोनिया नाही. सर्दीचा व्हायरस आहे, त्याला अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. तापाला हे पातळ औषध, बाकी काही नाही. खोकला दोन-तीन आठवडे राहील, घाबरू नका." आणि एका कागदावर लिहून दिलं की काय झालं तर धावत यायचं. मिनिटाला चाळीस किंवा जास्त श्वास, छाती आत ओढणं, दूध-पाणी न पिणं, झोपेतनं नीट जागं न होणं.

बाहेर आल्यावर मी सुनेला म्हणालो, "पन्नास रुपये घेतलं आन् आकडा सांगितला."

चार रात्री खोकला चालूच. ताप चढायचा, उतरायचा. बायको म्हणायची, "तुम्हाला पोरापरीस पैसा मोठा." सून म्हणायची, "मामा, मॅडम म्हणल्यात तसं धा दिवस थांबूया." त्या पोरीनं रोज रात्री मोबाईल धरून श्वास मोजला. माझ्याच्यानं राहवलं नाही. पाचव्या दिवशी मी त्याला मोटरसायकलवर घालून तालुक्याला नेलं, सुई दिली, लाल औषध घेतलं. दोन दिवसांत ताप गेला. मी घरात छाती पुढं काढून फिरलो.

दोन महिन्यांनी माझी कंबर धरली आणि मला बाईंकडंच जावं लागलं. मी फोटो काढायला सांगतील या तयारीनं गेलो होतो. त्यांनी पाय उचलून बघितले, पायाला मुंग्या येतात का, लघवीचं काही आहे का, वजन उतरलंय का, ताप येतो का, पडलाबिडला होता का, एवढं विचारलं आणि म्हणाल्या, "फोटो नको. झोपून राहू नका, चालत राहा. चार-सहा आठवड्यांत बहुतेक मोकळी होईल." मग नातवाची चौकशी केली. मी तोंडावर सांगितलं, "तुमच्यानं उतरला न्हाई. तालुक्याला सुई दिली, दोन दिवसांत पळाला ताप."

"सुई कितव्या दिवशी दिली, आबा?"

"पाचव्या."

"आणि दिली नसती तर ताप कितव्या दिवशी उतरला असता?"

आता याला काय उत्तर देणार? न दिलेल्या सुईचं कुणी काय सांगावं?

बाईच पुढं म्हणाल्या, "तुम्ही डाळिंबवाले. एखादी ओळ बिनफवारणीची सोडून बघितलीय कधी?"

सोडली होती, पण जाणूनबुजून नव्हे. मागच्या बहाराला स्ट्रेप्टोची पुडी कमी पडली आणि बांधाकडच्या दोन ओळी नेमानं राहात गेल्या. गडी आळशी, त्यानंही तसंच चालवलं. तोडणीला बघितलं तर त्या दोन ओळींत जेवढी फळं चिरली होती, तेवढीच बाकी बागेत. मी ते बघितलं होतं आणि मनातनं काढून टाकलं होतं. कारण खरं मानलं तर तीन वर्षांचा खर्च पाण्यात गेला असं कबूल करावं लागलं असतं.

हे ऐकून बाई खूश होतील असं मला वाटलं. तर म्हणाल्या, "दोन ओळींवरनं ठरत नाही. बांधाकडं वारा जास्त, तिथं पानं लवकर सुकत असतील. माती वेगळी असेल. कुठली ओळ सोडायची हे तुम्ही किंवा गड्यानं ठरवलं की घोटाळा झाला. चिठ्ठी टाकायला पाहिजे." आणि मग त्यांनी मला जी गोष्ट सांगितली ती मी अजून चघळतोय.

ही चिठ्ठीची युक्ती डॉक्टरांची नाही, शेतीची आहे. इंग्लंडात रोथमस्टेड नावाचं जुनं शेती संशोधन केंद्र आहे. तिथं १९१९ साली रोनाल्ड फिशर नावाचा गणिती कामाला लागला. खतांच्या प्रयोगांच्या वह्या ढिगानं पडलेल्या, आणि त्यातनं खरं काय निघतं ते कुणाला नक्की सांगता येत नव्हतं. त्यानं मांडलं की शेताचे तुकडे पाडा आणि कुठल्या तुकड्याला कुठलं खत हे चिठ्ठीनं ठरवा. माणसानं ठरवलं तर तो नकळत चांगल्या तुकड्याला आपलं आवडतं खत घालणार. तीच रीत पुढं ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल नावाच्या माणसानं दवाखान्यात आणली. त्याला स्वतःला तरुणपणी टीबी झालेला. आणि औषध कुठलं? स्ट्रेप्टोमायसिन. माझ्या चुलत्याचं, माझ्या डाळिंबाचं.

महायुद्ध नुकतं संपलेलं, औषध अमेरिकेतनं यायचं आणि इंग्लंडला थोडंच मिळालेलं. सगळ्यांना पुरणार नव्हतं. टीबीचे एकशेसात रोगी घेतले, सगळे तरुण. बंद पाकिटातल्या चिठ्ठीनं पंचावन्न जणांना औषध आणि खाटेवरची विश्रांती, बावन्न जणांना नुसती विश्रांती. एक्स-रे बघणाऱ्यांना कुणाचा फोटो कुठल्या गटातला हे कळू दिलं नाही. सहा महिन्यांत औषधवाल्यांतले चार गेले. बिनऔषधाच्यातले चौदा. १९४८ साली हे छापून आलं. त्यातच हेही दिसलं की एकटं स्ट्रेप्टोमायसिन दिलं की जंतू त्याला सरावतात, म्हणून जोडीला दुसरं औषध पाहिजे. चुलत्याच्या गोळ्या त्यासाठी होत्या.

मी म्हणालो, "मॅडम, झाडाचं ठीक हाय. झाड गेलं तर दुसरं लावू. नातू कसा सोडायचा बिनफवारणीचा?"

"तुमचा नातू सोडायची गरजच नाही, आबा," त्या म्हणाल्या. "ओळ आधीच सोडलेली आहे. दुसऱ्यांची माणसं त्या ओळीत उभी राहून गेली. त्यांचा हिशोब लिहिलेला आहे, म्हणून तर मी तुमच्या नातवाला सुई दिली नाही."

घरी येऊन मी कंबर धरून चालत राहिलो, त्यांनी सांगितलं होतं तसं, आणि डोक्यात ते बावन्न जण. त्यांच्यातल्या चौदांच्या आयांनी काय म्हटलं असेल? बाईंनी मला हेही लपवलं नव्हतं की त्या बावन्न जणांना आपण प्रयोगात आहोत हे सांगितलंच नव्हतं. हे मला पटत नाही, अजूनही पटत नाही. औषध कमी होतं, कुणीतरी राहणारच होतं, वशिल्यानं वाटण्यापेक्षा चिठ्ठीनं वाटलं हे न्यायाचं झालं, एवढं मी मान्य करतो. पण माणसाला त्याच्या जिवाचं सांगायला पाहिजे होतं. आता म्हणे लेखी संमतीशिवाय असं करता येत नाही. बरं झालं.

तरी दुसरी बाजू मला सोडत नाही. माझा चुलता ऐंशीपर्यंत जगला तो त्या चौदा जणांच्या हिशोबावर. आणि माझी आई? तीही प्रयोगातच होती की. त्या बारक्या पांढऱ्या गोळीनं म्हातारीचं काय होतं, हे आठ वर्षं तिच्या अंगावर बघितलं गेलं. संमती तिचीही घेतली नव्हती. फरक एवढाच की तिचा हिशोब कुणी ठेवला नाही. गोल तोंड सगळ्यांनी बघितलं, कुणी लिहिलं नाही. अशा किती आया या तालुक्यात गेल्या असतील. त्यांच्या जाण्यातनं कुणालाच काही शिकता आलं नाही, कारण त्यांना बिघडवणारा हात प्रेमाचा होता, आणि प्रेमाच्या हाताचा हिशोब मागायचा नसतो असं आम्ही समजतो.

मग थोरले डॉक्टर दोषी का? रात्री झोप लागली नाही की मी हा खटला चालवतो, आणि दर वेळी निकाल वेगळा लागतो. त्यांनी माझ्या आईला फसवलं असं म्हणवत नाही. आईनं मागितलं ते दिलं. दुखणं थांबलेलं त्यांनी डोळ्यांनी बघितलं. मी स्ट्रेप्टो मारताना काय वेगळं करत होतो? सगळे मारतात, फळ थोडं टिकल्यासारखं दिसतं, आणि न मारण्याची छाती होत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली की आपण कावळ्याला पूजतो. सर्दी आपसूक जाते, पण ज्या दिवशी जाते त्या दिवशी जो डॉक्टर समोर असतो त्याच्या हाताला गुण येतो. असे शंभर गुण साठले की खुद्द डॉक्टरलाही आपल्या हाताची खात्री पटते. तिथंच खरा धोका आहे. लबाड माणूस कधीतरी घाबरून थांबतो. खात्री पटलेला भला माणूस थांबत नाही.

पण आईचं ते हसणं मी कुठल्या खात्यावर लिहू? बाईंना विचारलं होतं. त्या जरा गप्प झाल्या. म्हणाल्या, "रोग्याजवळ बसायला मला वेळ पुरत नाही, आबा. ती माझी चूक आहे." त्यांच्याकडं दिवसाला सत्तर माणसं असतात. एकेकाचं एक मिनिट श्वास मोजण्यात गेलं तर हात धरायला कुठलं मिनिट उरणार?

बागेचं मी त्याच बहारापासनं बदललं. सोलापूरला केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथल्या मेळाव्यात जे सांगतात ते आधी कानावरनं जायचं, आता ऐकलं. रोगट फळं नि फांद्या काढून जाळायच्या, बागेला विश्रांती द्यायची, बहार विचार करून धरायचा. तेल्या पुरता गेला असं नाही. पण स्ट्रेप्टोची पुडी बंद केली आणि नुकसान वाढलं नाही. पुढं सरकारनंही शेतीतल्या या औषधावर बंदीचं पाऊल उचललं. जे औषध माणसाला मरणाच्या दारातनं आणतं त्याला आपण रानोमाळ उडवून जंतूंना सरावाला बसवत होतो. आता मला त्यात गंमत वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी थंडीत नात आजारी पडली, नऊ महिन्यांची. खोकला, दूध कमी. घरात सगळे म्हणाले, सर्दी आहे, मॅडम काही देणार नाहीत, कशाला जायचं? मी तिला उताणी झोपवली, सदरा वर केला, घड्याळ धरलं. अठ्ठावन्न. शांत झाल्यावर परत मोजलं. छप्पन्न. वर्षाच्या आतल्या पोराला पन्नासाच्या वर म्हणजे धोका, आणि फासळ्यांच्या खाली छाती आत जात होती. त्या रात्री आम्ही जीप करून निघालो, वाटेत बाईंना उठवलं. त्यांनी बघितलं, औषधाचा पहिला डोस दिला, सुईच दिली, आणि मोठ्या दवाखान्यात धाडलं. सहा दिवसांनी पोर घरी आली. नातवाला नाही म्हणणारा आकडा आणि नातीला हो म्हणणारा आकडा एकच होता. गडचिरोलीत बंग डॉक्टरांनी अक्षर न येणाऱ्या सुईणींना असंच मोजायला शिकवलं. वाळूचं मिनिटाचं घड्याळ आणि मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी आला की न्यूमोनिया. मी तर दहावी पास आहे.

मागच्या महिन्यात पहिल्या तोडणीची डाळिंबं घेऊन थोरल्या डॉक्टरांकडं गेलो. बऱ्याच वर्षांनी. आता ते तालुक्याच्या गावी मुलाकडं असतात, पंच्याऐंशी पार केलेत. ओळखायला वेळ लागला, मग ओळखलं. हात हातात घेतला, सोडेनात. हात अजून गरम आणि मऊ आहे. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग एकदम म्हणाले, "तुझ्या आईचे गुडघे रे... माझ्या गोळीनं गुण आला होता ना तिला?"

येताना वाटेत मी ठरवलं होतं की कधीतरी त्यांना सांगायचं. सोलापूरचं, हाडाचं, साखरेचं, सगळं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदूचा पांढरा पडदा होता आणि ते माझ्याकडं बघत होते.

"व्हय डॉक्टर," मी म्हणालो, "लई गुण आला."

त्यांनी मान हलवली. पिशवीतलं एक डाळिंब उचललं, डोळ्यांजवळ धरून फिरवून फिरवून बघितलं.

"डाग नाही बघ एक," म्हणाले. "फवारतोस काय?"